दया नको, हजेरी घ्या



मागच्या अंकात आपल्या पळणाऱ्या पोरांबद्दल चार ओळी छापल्या, तर दोन पत्रं आली. कवितांना एक पत्र येत नाही, ते सोडा. पहिल्या पत्रात एक जुने कार्यकर्ते विचारतात, पळून क्रांती होते काय? दुसरं पत्र जास्त झोंबणारं आहे. लिहिणारा आपलाच, छावणीतला. तो म्हणतो, तुम्ही पोरांची नावं वहीतनं काढता. ज्यांना पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर ठेवलं त्यांच्याच पोरांना तुम्ही दार लावता. मग तुमच्यात आणि देवळातल्या बडव्यात फरक काय?

पहिल्या पत्राचं उत्तर थोडक्यात. नुसत्या पळण्यानं क्रांती होत नाही. नुसत्या कवितेनंही होत नाही, नाहीतर आपल्या वस्तीत ती केव्हाच झाली असती, इतके कवी झालेत. पण पळणं आपल्याला नवं नाही, हे ध्यानात घ्या. गावगाड्यानं आपल्या आज्यापणज्याला पळवलाच होता. सांगावा घेऊन या गावातनं त्या गावात. साहेबाच्या घोड्यापुढं, ऊर फुटेस्तोवर. त्या पायांची मजुरी कुणी दिली नाही. आज पहाटे साडेपाचला चौदा वर्षांची पोरगी मैदानावर येते आणि स्वतःच्या पायाचं काय करायचं हे स्वतः ठरवते. हे ज्याला किरकोळ वाटतं त्यानं एकदा पहाटे उठून यावं. झोप मोडेल, पण काही दिसेल.

आणि पोरं म्हणतात, क्रिकेट का नाही शिकवत? शिकवू की, कोण नाही म्हणतो. पण पालवणकर बाळूंचं नाव विसरू नका. पुण्याला युरोपियनांच्या क्लबात हा माणूस खेळपट्टी सारखी करायचा, जाळी लावायचा आणि साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचा. हिंदूंच्या संघात घेतलं तेव्हा त्याचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी काढले, तरी हिंदूंच्या संघाचं कप्तानपद त्याला कधी दिलं नाही. धाकटा भाऊ विठ्ठल कप्तान झाला तो १९२३ साली. अकराजणांच्या खेळात बाकीचे दहा ठरवतात तू कुठं उभा राहायचंस. शंभर मीटरला चुन्यानं लेन आखलेली असते. तुझ्या लेनमध्ये दुसऱ्याच्या बापाला पाय ठेवता येत नाही. त्या लेनपर्यंत पोचायच्या वाटेवर मात जातपात, भूक, पाणी, पैसा सगळं आडवं पडलेलं असतं. आपलं काम त्या वाटेवरचं आहे.

आता दुसरं पत्र. बडवा म्हणाला आपल्याला भाऊ. ठीक.

मी गोदीत काम करतो. हजेरी म्हणजे काय हे मला पुस्तकातनं शिकावं लागलं नाही. माझ्या आज्याच्या पिढीकडनं ऐकलेलं सांगतो. पूर्वी गोदीच्या फाटकावर पहाटे माणसांची गर्दी व्हायची. टोळीवाला यायचा, दंड बघायचा, बोट दाखवायचा. तू चल. तू चल. तू नाही. ज्याच्याकडं बोट वळलं नाही तो घरी, आणि त्याच्या घरची चूल थंड. कामगारांनी झगडून हे मोडायला लावलं. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला, १९५१ साली मुंबईत त्याखालची योजना लागू झाली. माणसाचं नाव रजिस्टरला लागलं. राखीव फळीतला जो कामगार पाळीला हजर राहिला आणि काम नसल्यानं परत गेला, त्यालाही हजेरीचे पैसे मिळायला लागले. म्हणजे दंड केवढा, टोळीवाल्याशी सलगी किती, याला किंमत राहिली नाही. आलास ना? मग तू धरलास. आज पुन्हा ठेकेदार आलाय, त्याचं बोटही आलंय, माझंच नाव कुठल्या रजिस्टरला नाही. पण तो वेगळ्या अंकाचा विषय आहे, आणि तो अंक निघायचाय.

सांगायचं हे की हजेरी ही बडव्याची चीज नाही. ती बोटाच्या विरुद्ध मिळवलेली चीज आहे.

खेळाच्या जगात आजही बोटच चालतं. एक दिवस चाचणी ठेवायची, तेरा वर्षांच्या पोरांना शंभर मीटर पळवायचं, घड्याळ बघायचं, पहिले पाच घ्यायचे, बाकीच्यांना टाळ्या. आता तेराव्या वर्षी कोण पुढं असतो? ज्याला मिसरूड लवकर फुटली तो. त्याचं हाड आधी वाढलेलं असतं, बस. दोन वर्षांनी बाकीचे वाढतात आणि हा मागं पडतो. तोवर बाकीचे घरी गेलेले असतात. बोट असं फसतं. ज्या घरात दूध-अंडी आहेत तिथली पोरं लवकर वाढतात, म्हणून ते बोट कुणाकडं वळतं हेही सांगायला नको.

आमच्या गटात वेळेवर निवड नाही. म्हणजे पळायच्या वेळेवर नाही, यायच्या वेळेवर आहे. आठवड्याला चार दिवस, महिन्याचे सोळा. सोळातले बारा भरले की पुढच्या महिन्याला नाव कायम. पोरगा शेवटून पहिला असला तरी कायम. सगळ्यांत पुढं असला आणि पाचच दिवस आला, तर नाव बंद. चौदा एप्रिलनंतर मैदान पोरांनी भरलं होतं. जयंतीच्या मिरवणुकीचा जोर अंगात होता. मे महिन्यात निम्मी गावाला गेली. जूनला चिखल झाला. दहीहंडीचा सराव सुरू झाला तसे उरलेल्यातले मोठे पोरगे थरावर चढायला गेले. आज वहीत एकोणीस नावं आहेत, त्यात आठ पोरी. हे एकोणीस कुणी निवडले नाहीत. ते उरले.

आता वहीबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण भांडण तिथंच आहे.

आपल्यातल्या दोघांनी सुरुवातीला सरळ मत मांडलं की, जो आला तो हजर, जो नाही आला तो गैरहजर, शिस्त म्हणजे शिस्त. दाखला दिला एड टेंपल यांचा. अमेरिकेतले काळे प्रशिक्षक, टेनेसीच्या काळ्यांच्या कॉलेजात पोरींना पळायला शिकवायचे. जितकी मिनिटं उशीर तितक्या जादा फेऱ्या, असा त्यांचा नियम. विल्मा रुडॉल्फ एकदा अर्धा तास उशिरा आली तर तीस फेऱ्या मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी पाऊण तास आधी येऊन बसली, अशी गोष्ट आहे. ही पोरगी लहानपणी पोलिओनं लंगडत होती. १९६० साली रोमला तिनं तीन सुवर्णपदकं घेतली. टेंपलनी तिच्या पायाची कीव केली असती तर ती कुठं राहिली असती?

दाखला चांगला आहे. पण विल्मा कॉलेजच्या वसतिगृहात राहत होती. आमची पोरगी जिथं राहते तिथं नळाला पाणी पहाटे पाचला येतं आणि सहाला जातं. आई रात्रपाळीच्या साफसफाईवरनं आलेली नसते. कळश्या कोण भरणार? एक पोरगा गाड्या पुसतो, पहाटे पाच ते सात, पंधरा गाड्या. एक लग्नसराईत केटरिंगला जातो, रात्री दोनला घरी येतो. ही पोरं झोपली होती म्हणून आली नाहीत काय?

म्हणून वहीत तीन खुणा आहेत. 'ह' म्हणजे हजर. रिकामा चौकोन म्हणजे गैरहजर. आणि 'का' म्हणजे काम. 'का' हजेरीत धरला जातो. अट एकच, आदल्या दिवशी सांगायचं. आणि ज्याचा 'का' महिन्यात तीनदा आला त्याच्या घरी आमच्यातल्या एकानं जायचं. चौकशीला म्हणून जायचं नाही, चहा प्यायला जायचं. चहा पिता पिता सगळं कळतं. नळाची गोष्ट अशीच कळली. मग त्या पोरीसाठी आणि आणखी तिघींसाठी संध्याकाळची वेळ काढली. पाण्याची वेळ आपल्याला बदलता येत नाही, मैदानाची येते. नगरपालिकेशी पाण्यासाठी भांडायचं ते भांडूच, पण तोवर पोरीचं पंधरावं वर्ष थांबत नाही.

शिस्तवाले म्हणाले, पोरं खोटं बोलतील, सगळेच 'का' लावून घेतील. लावू द्या. चहा प्यायला जायचंच आहे. आणि खरं सांगू का, ज्या पोराला बुडवायचंय तो 'का' मागत नाही. तो गप्प राहतो.

उलट टोकाचे आपले काही दयावंत मित्र. त्यांना वाटतं गरिबाच्या पोराला नियमच नको. बिचारा, येईल तेव्हा येईल, येईल ते करील. हा दुसऱ्या तऱ्हेचा अपमान आहे. शाळेत मास्तरनं आपल्याला मागच्या बाकावर बसवलं आणि गृहपाठ विचारला नाही, ती मेहेरबानी नव्हती. 'याच्याकडनं काय होणार' हे त्यानं आधीच ठरवलं होतं. जो तुमच्याकडनं काही मागतच नाही, त्यानं तुम्हाला मोडीत काढलेलं असतं. आम्ही पोरांकडनं मागतो. वेळ मागतो, घाम मागतो, आणि आधी सांगायची तसदी मागतो.

हे मागायचं तर आपणही द्यायला पाहिजे. शिकवणारे आम्ही पाचजण, पगार कुणालाच नाही. एक हॉस्पिटलात वॉर्डबॉय, एक रखवालदार, एक कॉलेजात शिकणारी पोरगी जी विद्यापीठाकडनं चारशे मीटर पळलेली आहे, एक पोस्टातला, आणि मी. फुकट काम करणाऱ्याला एक रोग लागतो, आपण उपकार करतोय असं वाटायला लागतं. मग तो मर्जीनं येतो, मर्जीनं जात नाही, आणि वर पोरांना शिस्त शिकवतो. त्यावर उपाय म्हणून आमची हजेरी पोरं घेतात. त्याच वहीत, मागच्या पानावर. एक बारकी पोरगी आहे, ती माझ्या नावापुढं इतक्या शांतपणे रिकामा चौकोन सोडते की गोदीतला मुकादम बरा. 'सर' म्हणायचं नाही, दादा आणि ताई म्हणायचं. मॉलिश करायचं नाही, बंद खोलीत शिकवायचं नाही, रात्री पोरीला फोन करायचा नाही, एकट्या मोठ्या माणसानं एकट्या पोराला किंवा पोरीला कुठं न्यायचं नाही. २०२३ साली जंतरमंतरवर देशाच्या पदकवाल्या पैलवान पोरी रस्त्यावर झोपल्या, तेव्हा सगळ्या देशाला कळलं की खेळाच्या दारातला राखणदार काय काय मागू शकतो. त्यांच्या गळ्यात पदकं होती, तरी त्यांचं कुणी ऐकेना. आपल्या वस्तीतल्या पोरीचं कोण ऐकणार? म्हणून नियम आधीच लिहून भिंतीला लावलाय, आणि आयांना वाचून दाखवलाय.

शिकवायचं काय, तेही थोडं सांगतो, कारण दोन छावण्यांनी विचारलंय.

मैदान आमचं मातीचं. सायकलच्या चाकाला चिंधी बांधली, चाकाचा घेर मोजला, आणि फेरे मोजत मैदानाची फेरी काढली, दोनशे चाळीस मीटर भरली. चारशे मीटरचे खरे सिंथेटिक ट्रॅक या शहरात बोटावर मोजण्याइतके, आणि तिथं जायचं तर फी, पास, गाडीभाडं. तेव्हा चिंधी बरी. रिलेची काठी म्हणजे प्लंबरकडचा पाईप, तीस सेंटीमीटरपेक्षा लांब नको. हर्डल बांबूचे, आडवा बांबू नुसता टेकवलेला, पाय लागला की पडला पाहिजे. लांब उडीचा खड्डा असेल तर वाळू दर खेपेला फावड्यानं उकरा. दडपलेल्या वाळूत घोटे जातात.

गोळ्याबद्दल मला विशेष बोलायचंय. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा. अठराखालच्या पोरांचा ५ किलोचा, पोरींचा ३ किलोचा. भाल्याचंही तसंच, मोठ्यांचा ८०० ग्रॅम, अठराखालच्या पोरांचा ७००, पोरींचा ५००. हे आकडे उगाच नाहीत. कोवळ्या खांद्यावर मोठ्यांचं ओझं टाकलं की काय होतं ते मला विचारा. गोदीत पन्नास किलोच्या गोणीखाली वाकलेले लोक मी रोज बघतो, त्यांच्यातल्या कितीकांनी पंधराव्या वर्षी पाठ लावली होती. तेच आपण खेळ म्हणून करायचं काय? भरतीला ७.२६ चा गोळा लागतो म्हणून पंधरा वर्षांच्या पोराला तो देणारे भरतीचे क्लास गल्लोगल्ली निघालेत. फी घेऊन पाठ मोडतात.

आठवड्यात जोराचं पळणं दोनच दिवस. बाकी दोन दिवस बोलता येईल इतक्या वेगानं. डांबरी रस्त्यावर रोज पळलं की नडगीचं हाड दुखायला लागतं. चौदा-पंधराव्या वर्षी उंची भराभर वाढते तेव्हा गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखतो, सुजतो. पोरगा नाटक करत नाही, उड्या बंद करा, थांबा. घाई कसली आहे? अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, आईबाप वीटभट्टीवर राबणारे. बारावीनंतर फौजेत गेला, महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत. स्पर्धेत पळायला लागला तेव्हा विशी ओलांडलेली होती. २०२२ साली बर्मिंगहॅमला तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद, सोनं पाच शतांश सेकंदानं हुकलं. त्याआधी १९९८ पासून या शर्यतीची राष्ट्रकुलातली सगळी पदकं केनियावाले नेत होते. हा पोरगा पंधराव्या वर्षी कुण्या घाईखोर प्रशिक्षकाच्या हाती लागून मोडला असता तर?

पण पोरींचं रक्त ही सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. पळता पळता धाप लागते, चक्कर येते, आणि आपण म्हणतो दम नाही हिच्यात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींत शंभरात एकोणसाठ रक्त कमी असलेल्या निघाल्या. म्हणजे आमच्या आठ पोरींत चार-पाच. दम कुठनं येणार? आमच्या वॉर्डबॉय दोस्तानं सगळ्यांचं रक्त तपासून आणलं. शाळेतनं आठवड्याला लोहाची निळी गोळी फुकट मिळते, ती पोरी मळमळतं म्हणून गटारात टाकत होत्या. जेवणानंतर घ्या, लिंबू पिळून घ्या, आणि गोळीवर लगेच चहा पिऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. एवढंच सांगितलं, पण आईसमोर सांगितलं. शेंगदाणे, गूळ, मोडाची मटकी, परवडेल तेव्हा अंडी, आणि ज्यांच्या घरी खातात त्यांच्याकडं काळीज, वजडी, रक्ती. ज्या खाण्याला नाकं मुरडली गेली त्यात लोह भरलेलं आहे, हे पोरींना ताठ मानेनं सांगा.

बुटांचं. वर्तमानपत्रवाल्यांना आपली पोरं अनवाणी आवडतात. 'अनवाणी धावून पटकावलं पदक', फोटो, भेगाळलेली टाच, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी, संपलं. आणि कुणी हुशार लगेच अबेबे बिकिलाचं नाव घेतो, इथिओपियाचा बिकिला १९६० साली रोमला मॅरेथॉन अनवाणी जिंकला होता म्हणून. जिंकला होता. त्याला मिळालेले बूट त्याच्या पायाला बसले नव्हते. १९६४ साली टोकियोला तोच बिकिला बूट घालून पळाला आणि तीन मिनिटांनी जास्त वेगात पुन्हा जिंकला. हे दुसरं कुणी सांगत नाही. आणि १९६८ साली मेक्सिकोत दोनशे मीटरच्या पदकांना टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस उभे राहिले, काळा हातमोजा घातलेली मूठ वर, पायात नुसते काळे मोजे. आपल्या लोकांची गरिबी जगाला दाखवायला त्यांनी बूट काढले होते. दोस्तांनो, बूट काढून दाखवायचे तर आधी बूट असावे लागतात. आमच्या एकोणीस पोरांत धड बूट अकरा जोड आहेत.

बुटांवरनं आठवलं. एक भावी नगरसेवक येऊन गेले. आपल्या वस्तीत सगळेच भावी असतात. म्हणाले, वीस जोड बूट देतो, वीस टी-शर्ट देतो. टी-शर्टवर पुढून त्यांचा फोटो, मागून त्यांच्या साहेबांचा. पोरांना विचारलं. पोरं म्हणाली, बूट घेऊ, शर्ट नको. साहेब म्हणाले, दोन्ही मिळून एक आहे. पोरांनी नाही म्हटलं, आम्ही कुणी शिकवलं नव्हतं. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण आठ पोरांच्या पायात अजून फाटके आहेत.

दुसरी एक चीज आपोआप येते, फुकट येते, आणि तिच्यावर कुणाचा फोटो नसतो. ती म्हणजे सुई. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य स्पर्धेत उत्तेजक तपासणारे आल्याची बातमी पसरली आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम फेरीला एकटा एक पळणारा उरला. बाकीचे गायब. स्टेडियमच्या संडासात सुयांचा खच. हे परदेशातलं सांगत नाही. ती पोरं कुणाची होती? ज्यांना एका पदकावर नोकरी लागणार होती अशांचीच, बहुतेक. जन्मदाखल्यातली दोन वर्षं खाणारे प्रशिक्षकही आहेत, मनगटाच्या एक्स-रेत ते सापडतात आणि पोराचं नाव काळं होतं, प्रशिक्षक मोकळा. आमच्याकडं जन्मदाखला पहिल्याच दिवशी आईकडनं बघितला जातो. आणि पोरांना सांगून ठेवलंय, कुणीही 'ताकदीची' म्हणून काही दिलं तर आधी वॉर्डबॉय दादाला दाखवा.

नोकरीसाठी पळतात म्हणून नाक मुरडणारेही आपल्यात आहेत. पोलीस भरतीत मैदानाला पन्नास गुण, मुलांना सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळा, मुलींना सोळाशेऐवजी आठशे. आमच्यातल्या सहा-सातजणांच्या डोळ्यापुढं तेच आहे. जुने कार्यकर्ते विचारतात, ज्यांनी ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात दहाजणांना गोळ्या घातल्या, त्यांच्यात जाण्यासाठी तुम्ही पोरं तयार करता? हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. पण तो प्रश्न गाड्या पुसणाऱ्या पोराला विचारायचा की त्याच्यासमोर दुसरी कुठली पगाराची नोकरी न ठेवणाऱ्यांना? तो घटना वाचून गेला, रमाबाई नगरात काय झालं हे ठाऊक असून गेला, तर मला चालेल. रविवारी पळून झाल्यावर अर्धा तास वाचन असतं ते त्यासाठीच. काही पोरं वाचताना झोपतात. झोपू देतो, पळून आलेली असतात.

आता ज्याच्यावरनं पत्र आलं त्या पोराकडं येतो. नाव घेत नाही. वस्तीतला सगळ्यांत वेगवान पोरगा, सतरा वर्षांचा. शंभर मीटर ११.४. हातातल्या घड्याळावर, म्हणजे मशिनवर ११.६ च्या पुढं, तरी आपल्याकडं त्याच्या जवळ कुणी नाही. हा स्पर्धा जवळ आली की येतो. दहा दिवस आधी. जिल्ह्याच्या स्पर्धेला रिले संघात त्याला शेवटच्या टप्प्यावर घ्या, पदक नक्की, असं सगळे म्हणाले. पत्र लिहिणारा भाऊही म्हणाला. त्या महिन्यात त्याच्या नावापुढं चार 'ह', एकही 'का' नाही, बाकी चौकोन रिकामे. मी स्वतः दोनदा त्याच्या घरी चहा पिऊन आलो. काम नव्हतं, आजार नव्हता, घरात कटकट नव्हती. तो म्हणाला, दादा, मला सरावाची गरज लागत नाही.

त्याच्या जागी जो पोरगा पळणार होता तो गाड्या पुसणारा. शंभर मीटर १२.३. सोळातले अकरा 'ह' आणि पाच 'का'. त्याला आम्ही शेवटच्या टप्प्यावर ठेवला. काठी नीट घेतली, चौथे आलो. पदक नाही. त्यावर वस्तीत बोलणी बसली ती अजून बसतायत, आणि पत्रही त्यातनंच आलं.

भावा, तुझ्या पोराला दार लावलेलं नाही. वहीत नाव पुन्हा लागायला कुणाची माफी मागायची नाही, कुणाच्या पाया पडायचं नाही, चिठ्ठी आणायची नाही, चाचणी द्यायची नाही. साडेपाचला यायचं. त्या दिवसापासनं सोळा मोजायला सुरुवात. बडवा असं सांगतो काय? पण तो वेगवान आहे एवढ्यासाठी गाड्या पुसणाऱ्याला बाजूला उभं करायचं, तर तो टोळीवाला परत आला म्हणायचा, फक्त दंडाऐवजी घड्याळ बघणारा. ते होणार नाही. पदक गेलं तरी होणार नाही.

मंगळवारी तो आला होता. पाच वाजून पस्तीस मिनिटांनी. 'ह' लावला. गुरुवारी चौकोन रिकामा आहे. शनिवारचं बघू.

ता.क. बुटांचे नंबर हवेत ते असे: चार नंबरचे तीन जोड, पाचचे दोन, सातचे दोन, आठचा एक. जुने चालतील, तळ फाटलेले नकोत. सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारं एक घड्याळ कुणाकडं पडून असेल तर तेही. आणि पाऊस लागला की आम्ही पुलाखाली जातो, तिथं सकाळी सहापर्यंत ट्रक उभे करू नयेत म्हणून ज्या ड्रायव्हर मंडळींशी बोलणं झालंय त्यांनी शब्द पाळावा. अंकाची वर्गणी वेगळी.